गेटच्या किल्लीसाठी अर्ज

स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी एक खिळा होता. त्याला एक किल्ली लटकलेली असे, आणि किल्लीला गाईच्या कानात टोचतात तसला पिवळा प्लास्टिकचा बिल्ला बांधलेला. मी शिकायला परदेशात आलो आणि ग्लेन वेव्हर्ली या उपनगरातल्या त्या घरात राहायला गेलो तेव्हा घरमालकांनी सगळं घर पाच मिनिटांत दाखवलं. गरम पाण्याचा नळ जपून सोडायचा, कचऱ्याचा डबा सोमवारी संध्याकाळी रस्त्याकडेला ठेवायचा, मागचं दार ओढून घ्यायचं. शेवटी किल्लीकडे बोट करून म्हणाले, "आणि ती माझी. घरातलं बाकी काहीही हरवलंस तरी चालेल, मेट." मेट म्हणजे दोस्त, तिथे सगळ्यांनाच म्हणतात.

ती वर्षं अशी होती की विमानतळावरून रोज आमच्यासारखी मुलं बाहेर पडत होती. इंजिनिअर होऊन आलेले कायमचा व्हिसा मिळावा म्हणून कुकरीच्या कॉलेजात कांदा चिरायला शिकत होते. एकेका खोलीत चार-चार गाद्या होत्या. खोली हवी तर आधीच्या घरमालकाची शिफारशीची चिठ्ठी मागायचे. मी सात घरं बघितली आणि सातही ठिकाणी चिठ्ठीवर अडलो. आठव्या ठिकाणी या सत्तरी ओलांडलेल्या निवृत्त प्लंबरने विचारलं, "आधीचा घरमालक कोण?" मी खरं तेच सांगितलं, "माझे वडील." ते खो-खो हसले आणि म्हणाले, "भांडी घासायचास का त्यांच्याकडे?" मी हो म्हणालो. मला मागची खोली मिळाली. शेजारच्या खोलीत वसईचा एक मुलगा होता. तो ख्रिश्चन, नर्सिंग शिकणारा, माझ्यापेक्षा वर्षभर आधी आलेला आणि माझ्यापेक्षा कितीतरी हुशार.

घरमालकांचं माझ्यावर ऋण होतं ते फक्त खोलीचं नाही. पहिल्या हिवाळ्यात मी तापाने पडलो तेव्हा रोज दाराबाहेर सूपचं भांडं ठेवलेलं असायचं. एकदा परीक्षेच्या सकाळी ट्रेन बंद पडल्या, तर त्यांनी पायजम्यावरच मला युनिव्हर्सिटीपर्यंत सोडलं. इंग्रजीत तू आणि तुम्ही असा प्रश्न येत नाही, पण मनातल्या मनात मी त्यांना तुम्हीच म्हणायचो. त्यांच्यासाठी आपल्याकडून काहीतरी व्हावं असं मला सारखं वाटायचं. या सगळ्याची सुरुवात तिथूनच झाली.

ती किल्ली पूर्वेला दोन तासांवर, डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या एका फार्मच्या गेटची होती. फार्मच्या मागे डोंगराची एक उंच धार आहे आणि धारेपलीकडे सरकारी जंगल. जंगल सगळ्यांचं. परवाना असलेला कुणीही तिथे हरणाची शिकार करू शकतो. फार्ममधल्या कच्च्या रस्त्याने गाडी वीस मिनिटांत धारेवर पोचते. फार्ममधून जायचं नसेल तर पलीकडच्या दरीतून चालत चढायचं, त्याला अर्धा दिवस लागतो. घरमालकांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं. म्हणजे गेट उघडलं तर शिकार, नाही तर नाही, इतका सरळ हिशेब होता.

एकतीस वर्षांपूर्वी त्यांनी त्या फार्मची फुटलेली पाइपलाइन जोडून दिली होती. तेव्हाच्या मालकाने हातात किल्ली दिली. आता तो मालक नव्हता, त्याची मुलगी फार्म चालवत होती. तिचंही वय साठीच्या घरातलं. मधल्या सगळ्या वर्षांत एक कागद झाला नव्हता. घरमालक जाण्याच्या दोन दिवस आधी फोन करत. फोनवरचं बोलणं मला पाठ झालं होतं. "रविवारी येऊ का? मी आणि घरातला एक मुलगा. नाही, तो बंदूक धरत नाही, तो फक्त बडबड करतो. तीनपर्यंत खाली येतो." मग विचारायचे, "कुठला नळ गळतोय?" काहीतरी गळतच असायचं. आधी ते गुरांच्या पाण्याच्या टाकीचा बॉलकॉक बदलत, मग वर जात.

मी तीनदा त्यांच्याबरोबर गेलो. पहिल्या वेळी त्यांनी मला एकच नियम शिकवला. गेट जसं सापडेल तसं सोडायचं. उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. आपल्याला काय बरोबर वाटतं ते करायचं नाही. मी तेव्हा मान हलवली होती.

धारेवर एका आडव्या पडलेल्या खोडाला टेकून ते तासन्‌तास बसत. तिथे हरीण म्हणजे सांबर. दीडशे वर्षांपूर्वी कुणी गोऱ्या साहेबाने आपल्याकडून नेऊन सोडलेलं. त्यांच्या तोंडून मी 'सांबर' ऐकलं आणि मोठ्याने म्हणालो, "हा आमचा शब्द आहे!" त्या आवाजाने खालच्या झुडपातून भोंग्यासारखं ओरडून एक मादी पळाली. त्यांनी बंदूक खाली ठेवली. मग म्हणाले, "तुझ्या गावची होती. ओळख दिलीस, बरं केलंस."

तिसऱ्या वेळी त्यांना शिकार मिळाली. त्यांनी प्राणी तिथेच साफ केला, काही वाया घालवलं नाही. मी मागचा एक पाय खांद्यावर घेऊन गाडीपर्यंत आलो. घरी वसईकराने आईने पाठवलेल्या मसाल्यात मटण केलं. घरमालकांनी तीनदा वाढून घेतलं आणि घाम पुसत विचारलं, "हे तुम्ही लहान मुलांनाही देता?"

त्यानंतरच्या वसंतात आम्ही गेलो तर गेटवर नवा बोर्ड होता. मार्गदर्शकासह शिकार, फक्त बुकिंगने, खाली एक फोन नंबर. कुलूप मात्र जुनंच होतं. घरमालकांनी बोर्ड दोनदा वाचला, गाडीत बसून फार्मच्या बाईंना फोन केला आणि आम्ही धारेवर न जाता परत फिरलो.

त्या भागात हे आधीच सुरू झालेलं होतं. परदेशातून मोठ्या शिंगांच्या नरासाठी लोक विमानाने येत. गाइड त्यांना धारेवर नेत, निशाणा बसला की फोटो, शिंगं पेटीत, आणि विमान. त्यासाठी गाइड लोक जंगलाच्या कडेकडेची फार्म एकामागून एक करारावर घेत होते. जंगल सरकारी होतं आणि सरकारीच राहिलं, पण त्याची दारं एकेकाच्या खिशात चालली होती. घरमालक काडतुसं घेत त्या दुकानात गाइड हा शब्द काढला की काउंटरवरची सगळी माणसं एकदम बोलायला लागत. सुतार, ट्रकवाले, एक शाळामास्तर. फ्रीजरमध्ये वर्षाचं मांस भरण्यापुरती शिकार करणारी माणसं. कुणाचं गेट गेलं, कुणाचं जाणार होतं.

"तुम्ही काय करणार?" मी परतीच्या वाटेवर विचारलं.

"थांबणार. ती म्हणाली, अजून सही केलेली नाही. वासरं होऊन जाऊ देत, मग बोलू."

"पण तोपर्यंत तो सही करून घेईल ना!"

"ती म्हणाली थांब. मी थांबतो."

मला हे सहन होईना. एकतीस वर्षांचा रस्ता जातोय आणि माणूस खिडकीबाहेरची गुरं बघत गाडी चालवतोय.

मी कुठून आलो ते इथे सांगायला हवं. माझे वडील तहसील कचेरीत शिपाई होते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. माझी फी माफ झाली ती अर्जाने. होस्टेल मिळालं अर्जाने, शिष्यवृत्ती मिळाली ती अर्जाने आणि दोन स्मरणपत्रांनी. आठवीपासून मी गल्लीतल्या लोकांचे अर्ज लिहून देत होतो. विषय, संदर्भ, महोदय, वरील विषयास अनुसरून. शेवटी, प्रत माहितीसाठी व उचित कार्यवाहीसाठी सविनय सादर. या शेवटच्या ओळीत खरी ताकद असते, हे वडिलांनी शिकवलेलं. एकाच साहेबाला लिहिलं तर कागद टेबलाखाली जातो. वरच्या दोघांना प्रत गेली की हलतो. मी आजही याला खोटं म्हणणार नाही. त्या ओळीने मी पदवीपर्यंत आलो.

आणि वहिवाट हा शब्द मी लहानपणापासून ऐकलेला होता. वर्षानुवर्षं ज्या रस्त्याने जातो तो रस्ता कुणाला अडवता येत नाही. युनिच्या लायब्ररीत बसून मी बघितलं, तर इथल्या कायद्यातही तसलं काहीतरी होतं. वीस वर्षं वापर असेल तर हक्क. आमची तर एकतीस! मी अर्धं पान वाचलं आणि आनंदाने पुस्तक मिटलं. पुढचं अर्धं पान वाचायला हवं होतं.

दोन रात्री खपून मी इंग्रजीत अर्ज लिहिला. वसईकराने तो वाचला.

"काय रे वकीलसाहेब, हे फार्मवालीला पाठवणार? ती काय कलेक्टर आहे?"

"रीतसर असलेलं बरं."

"फोन करून विचार ना सरळ. इथे लोक बोलतात एकमेकांशी."

"तोंडी बोलण्याला काय पुरावा?"

"तुला पुरावा पाहिजे की गेट पाहिजे?" असं म्हणून तो शिफ्टला निघून गेला. मला वाटलं, शहराजवळचा मुलगा, याला कागदाची किंमत काय कळणार.

घरमालक सही करायला तयार नव्हते. "याची गरज नाही, मेट." मी म्हणालो, फक्त तुमची बाजू नोंद होईल. मी पुन्हा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो. शेवटी त्यांनी चष्मा न शोधताच पेन उचललं. "शिकलेला तू आहेस," ते म्हणाले आणि सही केली. मला फार अभिमान वाटला. फार्मच्या बाईंना मूळ प्रत, काउन्सिलला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, एक, शिकारीचे परवाने देणाऱ्या खात्याला एक. तिन्ही रजिस्टर पोस्टाने. प्रती पाठवल्याचं मी घरमालकांना सांगितलं नाही. मुद्दाम लपवलं असंही नाही. अर्ज म्हटला की प्रती जातातच, त्यात सांगायचं काय?

दहा दिवसांनी, दुपारी, एक मळलेली पांढरी ट्रक-गाडी ड्राइव्हवेत येऊन थांबली. बाई खाली उतरल्या. त्यांच्या हातात माझा अर्ज होता. घरमालक बागेत पाइप गुंडाळत होते. मी स्वयंपाकघरात खिडकीशी.

"हे तुझं?" बाईंनी विचारलं.

घरमालकांनी कागद हातात घेतला, लांब धरला, सही बघितली. "माझं."

"काउन्सिलचा माणूस माझ्या दारात आला होता. रस्त्यावर कुणाचा हक्क आहे का, म्हणाला. मग जाताजाता शेड बघितली, पाण्याच्या टाक्या बघितल्या, फोटो काढले. तू काउन्सिलला लिहिलंस? माझ्याबद्दल?"

घरमालकांनी मान वळवून खिडकीकडे पाहिलं. एकदाच. मग म्हणाले, "सही माझी आहे."

मला राहवेना. मी बाहेर गेलो आणि म्हणालो की लिहिलं मी, प्रती पाठवल्या मी, यांना काही माहीत नव्हतं.

"ते मला पहिल्या ओळीलाच कळलं," बाई म्हणाल्या. "याला एकतीस वर्षांत वाढदिवसाचं कार्ड नीट लिहिता आलेलं नाही." पण त्या हसल्या नाहीत. "पोरा, हा दरवेळी विचारून यायचा. विचारून येणाऱ्याचा हक्क होत नाही. माझ्या वकिलाने हे दोन मिनिटांत सांगितलं. तुझ्या पुस्तकात नव्हतं?"

पुढच्या अर्ध्या पानावर असणार.

मग त्या घरमालकांकडे वळल्या, आणि त्यांचा आवाज बदलला. "सहा आठवडे मी त्या गाइडशी भांडत होते. एका ओळीसाठी. करारात एक ओळ. रविवार तुझे. त्याने मान्यही केलं होतं. त्याची गिऱ्हाइकं शनिवारीच निघतात, रविवारी धार मोकळीच असते. आता वकील म्हणतो, जो हक्क सांगतोय त्याला आत ठेवायचंच नाही. ठेवलं तर उद्या कोर्टात तेच दाखवेल. मला ती ओळ काढावी लागली."

"अर्ज मागे घेतो," मी म्हणालो. "आजच लिहून देतो. तिन्ही ठिकाणी."

"तू आता काही लिहू नकोस," घरमालक म्हणाले. एवढ्या दिवसांत ते माझ्यावर पहिल्यांदा चिडले, आणि तेही इतकंच.

ते आत गेले आणि खिळ्यावरून किल्ली काढून आणली. बाईंनी किल्ली कडीतून सोडवून घेतली. पिवळा बिल्ला त्यांच्या हातात परत दिला. "हा बाबांनी बांधलेला. राहू दे." जाताना त्यांनी गाडी मागे घेऊन पुन्हा थांबवली आणि काच खाली केली. घरमालकांनी सवयीने विचारलं, "कुठला नळ गळतोय?" बाईंनी गिअर टाकला. काच वर गेली.

मी दोन वेळा बाईंना फोन केला. पहिल्यांदा त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, सही झाली, पाच वर्षं. दुसऱ्यांदा फोन उचलला नाही. वसईकर मला 'तेव्हाच सांगितलं होतं' म्हणाला नाही. त्याने ते म्हटलं असतं तर बरं झालं असतं. फक्त एकदा, मी कपडे वाळत घालत असताना म्हणाला, "अरे, आमच्याकडे वाडीत कुणाच्या बावीवर पाणी भरायचं असलं की आई आधी एक ताट घेऊन जाते. तू नोटीस घेऊन गेलास."

"नोटीस नव्हती ती. सविनय होतं."

"तिला सविनय दिसलं नाही, दादा. तिला काउन्सिलचा माणूस दिसला."

हिवाळ्याआधीच्या एका रविवारी घरमालक म्हणाले, पलीकडच्या दरीतून चढून बघू. मी त्यांची सॅक घेतली. गाड्या लावायच्या जागेवर तो गाइड भेटला. गिऱ्हाइकांचे तंबू आवरून टेम्पोत भरत होता. मला तो राक्षस असायला हवा होता. पण तो चाळिशीचा, उन्हाने नाक सोललेला साधा माणूस निघाला. त्याने घरमालकांना टोपी काढून नमस्कार केला.

"तुमच्याबद्दल ऐकलंय. या ना कधी. क्लायंट म्हणून. तुमच्यासाठी मी दर कमी करेन."

"त्या धारेवर तू मला वाट दाखवणार?" घरमालकांनी विचारलं.

"तुम्हालाच दाखवावी लागेल मला." तो ओशाळला. "पण विमा आहे, करार आहे. माझ्याशिवाय कुणी आत नाही असं लिहिलंय. मी सोडलं तर माझंच जातं."

"आज धारेवर कोण आहे?" मी मध्येच विचारलं.

"आज? कुणी नाही. रविवार आहे."

मला काहीतरी लाथाडावंसं वाटलं. जवळ फक्त त्यांची सॅक होती.

आम्ही चढायला लागलो. पहिला तास बरा गेला. दुसऱ्या तासात ते दर पन्नास पावलांवर थांबायला लागले. थांबण्याचं कारण द्यायचे: हा पायाचा ठसा बघ, ही साल शिंगाने सोललेली बघ. मग कारणं संपली. एका दगडावर बसून त्यांनी गुडघा दोन्ही हातांनी धरला. वर, समोर, धार स्वच्छ दिसत होती. ते आडवं खोडसुद्धा ओळखू येत होतं. तिथे कुणीही नव्हतं. वरच्या बाजूला कुठेतरी सांबर भोंग्यासारखं ओरडलं.

"तुझ्या गावचं," ते म्हणाले.

मी माफी मागितली. आधीही मागितली होती, पण सॅकसकट, धापा टाकत, पहिल्यांदा. ते म्हणाले, "मीही वाचायला हवं होतं. चष्मा खिशात होता." आम्ही सँडविच खाल्ली आणि उतरलो. उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. त्यानंतर ते पुन्हा गेले नाहीत. बंदूक पोलिसांत नोंद करून त्या शाळामास्तराला विकली. फ्रीजरमध्ये सुपरमार्केटची कोंबडी आली.

पुढच्या वर्षी मला पदवी मिळाली. समारंभाला घरमालक टाय बांधून आले होते, वसईकराने फोटो काढले. संध्याकाळी कॉलिंग कार्ड खरवडून मी घरी फोन लावला. वडिलांनी सगळं दोनदा विचारून घेतलं, गाऊनचा रंगसुद्धा. मग म्हणाले, "ज्या भल्या माणसाने तुला ठेवून घेतलं, त्याच्यासाठी काही केलंस का रे?"

"एक अर्ज लिहून दिला होता, बाबा. त्यांच्या रस्त्यासाठी."

"वा!" वडील म्हणाले. "प्रती टाकल्यास ना वर?"

"टाकल्या."

"मग? झालं का काम?"

समोर खिळ्याला पिवळा बिल्ला लटकत होता. घरमालक सिंकखाली वाकून आमचा नळ घट्ट करत होते, नवा वॉशर दातात धरून. मला एकदम सगळं सांगावंसं वाटलं, पण कार्डावर थोडीच मिनिटं उरली होती, आणि कुठून सुरुवात करायची?

"नाही झालं, बाबा."

"अरे, असं लगेच होत नाही," वडील समजुतीने म्हणाले. "एक स्मरणपत्र पाठवून दे."